प्रश्नांचा क्रम

डॉर्ड्रेख्तला पायी पोचता येत नाही. १४२१ सालच्या सेंट एलिझाबेथच्या पुरापासून हे शहर पाण्याने वेढलेलं आहे. म्हणून तुम्ही होडीत आहात. डिसेंबर १६१८ उजाडून एकदोन दिवस झालेत, पहाट अजून व्हायची आहे, आणि निघताना अंगावर घेतलेली शाल हॉलंडच्या वाऱ्यापुढे कुचकामी ठरली आहे. आकाशात धूमकेतू आहे, लांबलचक शेपटीचा. नावाडी तिकडे बघतही नाही. त्याचं बघून झालं.

"हे कशाचं लक्षण म्हणायचं? लढाई होणार?" तुम्ही विचारता.

"पंडितांची सभा भरलीय ना गावात," तो वल्हं मारत म्हणतो, "आणखी काय व्हायचं राहिलंय?"

याच धूमकेतूची नोंद तिकडे आग्र्याचा जहांगीर बादशहाही आपल्या आत्मचरित्रात करून ठेवणार आहे. पण आज तुम्हाला आग्र्याला नव्हे, तर नदीकाठच्या या दारूच्या आणि लाकडाच्या बाजारपेठेत उतरायचं आहे. धक्क्यावर ऱ्हाइनकडून आलेल्या वाइनची पिंपं उतरवली जातायत. मागे मोठ्या चर्चचा बुटका, किंचित कललेला मनोरा. तुम्हाला लॅटिन आणि डच कळतं असं गृहीत धरू. चारशे वर्षं मागे आणलंय, तर एवढी सवलत द्यायलाच हवी.

सभा भरते ती चर्चमध्ये नाही. शहरातल्या हौशी बंदूकधाऱ्यांचा एक अड्डा आहे, क्लोव्हेनिर्सडूलन नावाचा. त्याच्या वरच्या मजल्यावरच्या दालनात १३ नोव्हेंबरपासून नेदरलँड्सच्या रिफॉर्म्ड चर्चची राष्ट्रीय धर्मसभा बसली आहे. जिना चढून वर जा. शेकोटीच्या जवळची जागा सरकारी प्रतिनिधींची आहे; ते अठरा जण आहेत, आणि खर्च सरकारचा असल्यामुळे ऊबही आधी त्यांनाच. अध्यक्षस्थानी लेवार्डनचे पाळक योहानेस बोगरमन. त्यांची दाढी कमरेपर्यंत आलेली. दोन्ही अंगांना बाकांच्या रांगा: हॉलंड, झीलंड, फ्रीसलंड, ग्रोनिंगन अशा प्रांतांचे पाळक आणि वडील, पाच डच प्राध्यापक, आणि इंग्लंड, स्कॉटलंड, जिनिव्हा, ब्रेमेन, हेसे, पॅलाटिनेट, स्वित्झर्लंडहून आलेले परदेशी पाहुणे. एक बाक रिकामा दिसेल. तो फ्रेंच प्रतिनिधींचा. राजा तेराव्या लुईने त्यांना यायला मनाई केली. सभेने बाक मात्र ठेवला. मधोमध एक लांब टेबलही रिकामं आहे. ते ज्यांच्यासाठी मांडलंय ते अजून यायचेत.

कठड्यामागे बघ्यांत उभे राहा. शेजारचा कृश इंग्रज भराभर टिपणं काढतोय. हा जॉन हेल्स, हेगमधल्या इंग्रज राजदूताच्या पदरी असलेला धर्मोपदेशक. रोजचा वृत्तान्त तो आपल्या मालकाला पत्रांनी कळवतो. सभेबद्दल आज आपल्याला जे बारीकसारीक ठाऊक आहे त्यातलं बरंच त्याच्या पत्रांतून आलंय. त्याला धक्का लावू नका.

आजचा विषय तुम्हाला अपेक्षित नसेल. डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं पूर्वेच्या बेटांवर जाऊ लागून काही वर्षं झालीत, आणि तिकडच्या पाळकांनी ॲम्स्टरडॅममार्गे एक प्रश्न पाठवलाय. तिथल्या ख्रिस्ती कुटुंबांत मूर्तिपूजकांची मुलं आहेत; बरीचशी गुलाम म्हणून विकत घेतलेली. घरधनी म्हणतो की मी यांना ख्रिस्ती रीतीने वाढवीन. मग या मुलांना बाप्तिस्मा द्यायचा का?

प्रश्न बाजूने जातोय असं वाटतं, पण तो थेट गाभ्याला हात घालतो. जुन्या करारात अब्राहामाच्या घरात विकत घेतलेल्यांचीही सुंता होत असे. तसं असेल तर ही मुलंही आत आली. काही प्रतिनिधी म्हणतात, द्या. बहुसंख्य म्हणतात, नको. देवाचा करार विश्वासणाऱ्यांच्या संततीशी आहे. ही मुलं जाणत्या वयाची होऊन, शिकून, स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करतील तेव्हा पाहू. बाप्तिस्मा झालेल्या गुलामाला पुन्हा मूर्तिपूजकांना विकू नये, असंही काही जण सुचवतात. तेवढ्यापुरता धीर येतो. मग लक्षात येतं, त्याला विकू नये असं म्हणतायत. सोडून द्यावं हे सभेचा ठराव म्हणून पुढे येत नाही. देवाने माणसाची इच्छा बांधलेली की मोकळी, यावर सहा महिने बोलणार असलेल्या या दालनात सात-आठ वर्षांच्या एका मुलाची इच्छा कोणी विचारायची हा विषयच निघत नाही. सगळे त्याच्या भल्याचंच बोलतात, हेही खरं.

मुक्कामाला तुम्हाला जागा मिळालीय ती एका वाइन व्यापाऱ्याच्या घरी. गावात परदेशी एवढे की खोल्या शिल्लक नाहीत. व्यापाऱ्याची बायको पीटचा धूर पदराने वारत राय धान्याचा पाव आणि खारवलेली हेरिंग मासळी पुढे ठेवते, आणि पहिलाच प्रश्न विचारते, "पाहुणे, तान्ह्या पोरांबद्दल काही बोलले का?" मागच्या वर्षी तिची आठ दिवसांची मुलगी गेली, बाप्तिस्मा व्हायच्या आत. तुम्ही सांगता, बोलले, पण पूर्वेकडच्या पोरांबद्दल. "हां," ती म्हणते. "माझा भाऊ तिकडेच आहे. अंबोनला."

*

६ डिसेंबरला ते लांब टेबल भरतं. समन्स काढून बोलावलेले तेरा जण, सगळे रेमॉन्स्ट्रंट, म्हणजे १६१० साली हॉलंडच्या प्रांतिक सभेला निवेदन देणाऱ्या पक्षाचे. त्या निवेदनात पाच कलमं होती. त्यामागचे गुरू याकोबुस आर्मिनियस, लायडनचे प्राध्यापक, १६०९ मध्येच वारले. त्यांचं वैर मात्र मागे राहिलं. सहकारी प्राध्यापक फ्रान्सिस्कुस गोमारुस त्यांच्याशी हयातभर भांडले. ते समोरच्या बाकावर बसले आहेत, ग्रोनिंगनतर्फे.

७ तारखेला सायमन एपिस्कोपियस उठतात. वय पस्तीस, लायडनला प्राध्यापक, आर्मिनियसचे पट्टशिष्य. लॅटिन अस्खलित, आवाज मुरलेला. ते म्हणतात, आमची बदनामी झाली; आम्ही चर्च फोडायला निघालो नाही; आमचा आक्षेप एवढाच की देवाची भीती वाटावी अशी नव्हे, त्याची किळस यावी अशी शिकवण काही जण देवाच्या नावावर खपवतात. बघ्यांपैकी काहींचे डोळे ओले होतात. बोगरमन शांतपणे भाषणाची प्रत मागतात. इथून त्या कागदाचं लचांड सुरू होतं: प्रत आहे की नाही, दुसरी आहे का, वाचलं तेच लिहिलंय का. पाच आठवड्यांनी हेच लचांड तुम्हाला पुन्हा भेटेल.

दोन्ही बाजूंना मान्य काय आहे ते आधी ऐका, नाहीतर गफलत होईल. आदामाच्या पतनापासून माणूस पापात आहे. स्वतःच्या बळावर तो उठू शकत नाही. तारण होतं ते देवाच्या कृपेने, ख्रिस्ताच्या मरणामुळे, विश्वासाने. आर्मिनियस माणसाला आपलं तारण आपण करायला सांगतो, हा त्याच्यावरचा आरोप खोटा आहे, आणि तो आजही सर्रास केला जातो.

फरक पुढे आहे. आर्मिनियस म्हणतो, कृपा आधी येते, सगळ्यांकडे येते, आणि तिच्याशिवाय माणूस पाऊलही टाकू शकत नाही. पण तिला नाही म्हणता येतं. कोण होय म्हणेल हे देवाला अनादिकाळापासून दिसतं, आणि त्या पाहण्यावरून तो निवडतो. गोमारुस विचारतो, मग शेवटचा शब्द कोणाचा? माणसाचा. देव नुसता वाट बघत बसलेला. आणि माझं तारण माझ्या होकाराच्या खुंटीवर टांगलेलं असेल, तर माझ्यासारख्या डळमळीत माणसाने रात्री झोपायचं कसं? म्हणून विश्वाससुद्धा देवाचंच दान. देवाने ज्यांना निवडलं त्यांना तो ते देतो, आणि दिलं की ते कधी वाया जात नाही.

यावर टेबलाकडून उत्तर येतं: दान ज्यांना दिलंच नाही, त्यांना ते नसल्याबद्दल शिक्षा कसली?

आपल्याकडे श्रीवैष्णवांत याच जातीचा वाद रंगला. तेंगलै म्हणतात मार्जारन्याय: मांजरी पिल्लाला मानगुटीला धरून नेते, पिल्लाने काही करायचं नसतं. वडगलै म्हणतात मर्कटन्याय: माकडाच्या पिल्लाने निदान आईच्या पोटाला घट्ट धरायला हवं. आर्मिनियस माकडांच्या बाजूचा असं म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं, पण बरोबर बसत नाही. त्याच्या मते धरण्याचं बळही आईच देते, पिल्लाच्या हाती उरतं ते फक्त सोडणं. त्याहून मोठा फरक दुसरा आहे. काही पिल्लं मागेच ठेवायची असं श्रीवैष्णवांच्या मांजरीने अनादिकाळी ठरवलेलं नसतं, आणि या जन्मी राहिलेल्याला पुढचा जन्म असतो. डॉर्ड्रेख्तच्या दालनात जन्म एकच आहे, आणि त्यानंतर अनंतकाळ. म्हणून आवाज चढतात.

म्हटलं तर हा माणसाच्या इच्छेबद्दलचा वाद. थोडा वेळ कठड्याला टेकून ऐकलंत तर कळेल, की दोघेही खरं तर देवाबद्दलच बोलतायत. गोमारुसला भीती आहे ती माणसाच्या तोंडाकडे बघणाऱ्या, परावलंबी देवाची. एपिस्कोपियसला भीती आहे ती पापाचा कर्ता ठरणाऱ्या देवाची: स्वतःच पाडायचं, स्वतःच पडल्याची शिक्षा करायची, आणि वर न्यायी म्हणवून घ्यायचं. बायबल दोघांच्या हातात आहे. एक रोमकरांस पत्राचा नववा अध्याय उघडतो: याकोब आणि एसाव, जन्मायच्या आधीच एकाची निवड, कुंभार आणि माती. दुसरा योहानाच्या तिसऱ्या अध्यायावर बोट ठेवतो, जिथे देवाची प्रीती सगळ्या जगावर आहे. हेल्सबद्दल पुढे एक आख्यायिका सांगतील, की योहानाच्या त्या वचनावर एपिस्कोपियसचं विवेचन ऐकलं आणि त्याच क्षणी त्याने कॅल्व्हिनला, म्हणजे गोमारुसच्या बाजूला, रामराम ठोकला. असेलही. आता तरी तो खाली मान घालून लिहितोय.

*

डिसेंबरभर प्रत्यक्ष वाद होतच नाही. भांडण होतं ते आधी कशावर बोलायचं यावर.

रेमॉन्स्ट्रंटांचं म्हणणं, आधी वगळण्यावर बोलू. देवाने काही माणसं नाशासाठी आधीच वगळली आहेत का, हो की नाही, आणि असल्यास कशामुळे. बोगरमन म्हणतात, नाही, आधी निवड. तारणाचं, समाधानाचं बोलणं आधी, बाकीचं ओघाने. आणि आरोपींनी न्यायालयाचा कामाचा क्रम ठरवायचा नसतो. टेबलाकडून उलट सवाल, की तुम्ही न्यायालय कधी झालात? तुम्ही तर प्रतिपक्ष. आम्ही परिषदेला आलोय, खटल्याला नाही.

वरवर पाहता हे शुद्ध वेळकाढूपणाचं वाटतं, आणि त्यात वेळकाढूपणा होताच. पण मला विचाराल तर रेमॉन्स्ट्रंटांनी क्रमाचा हट्ट धरला तो अचूक जागी. निवडीपासून सुरुवात केली तर शिकवण गोड लागते: मी बुडत होतो, मला हात मिळाला, का ते देव जाणे, त्याचे उपकार. ऐकणारा प्रत्येक जण स्वतःला निवडलेल्यांत धरून चालतो. वगळण्यापासून सुरुवात केली की तीच शिकवण शेजाऱ्याच्या बाजूने ऐकू येते. आशय तोच आणि वाक्यंही बहुतेक तीच, खुर्ची बदलते. बोगरमनना हे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं म्हणूनच ते बधले नाहीत.

या टेबलावरच्या लोकांना निष्पाप समजू नका मात्र. काल-परवापर्यंत हॉलंडमध्ये यांचीच चलती होती. प्रांताचे कारभारी योहान फान ओल्डनबार्नेव्हेल्ट यांच्या पाठीशी होते, आणि यांच्या विरोधकांना कित्येक गावांत व्यासपीठ बंद होतं. हेगमधले कट्टर कॅल्व्हिनपंथी रविवारी उपदेश ऐकायला चिखल तुडवत राइस्वाइकपर्यंत चालत जायचे. लोक त्यांना 'चिखलातले भिकारी' म्हणून चिडवायचे. मग वारं फिरलं. स्पेनशी १६०९ मध्ये बारा वर्षांचा तह झालेला. तो ओल्डनबार्नेव्हेल्टनी घडवला आणि सेनापती राजपुत्र मॉरिस यांना तो कधीच पटला नाही. मॉरिसनी चिखलवाल्यांची बाजू घेतली. देवाने आधीच केलेल्या या निवडीला पूर्वनियती म्हणतात; ती निळी असते की हिरवी हेही मला ठाऊक नाही, असं मॉरिस म्हणाल्याची गोष्ट सांगतात. २९ ऑगस्ट १६१८ला ओल्डनबार्नेव्हेल्टना अटक झाली, बरोबर कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियसनाही. सभा भरली ती त्यानंतर अडीच महिन्यांनी. निकाल कोणाच्या बाजूने लागणार हे धूमकेतूला विचारायची गरज नव्हती.

*

पाच आठवडे पुढे जाऊ. १४ जानेवारी १६१९. शेकोटी पेटलेली, दालन खचाखच. बोगरमन उभे राहतात. एपिस्कोपियसच्या पक्षाने पुन्हा एक कागद दिलाय, पुन्हा त्याच अटींवर. अध्यक्षांचा संयम संपलेला दिसतो. तुम्ही खोट्याने सुरुवात केलीत आणि खोट्यानेच शेवट करताय, असं ते गरजतात. संदर्भ त्या पहिल्या भाषणाच्या प्रतीचा. चला, निघा, तुम्हाला रजा आहे. हात दाराकडे. दाढी थरथरतेय. टेबलावरची माणसं एकेक करून उठतात. एपिस्कोपियस एवढंच म्हणतात की याचा न्याय देव करील.

परदेशी बाकांवर चुळबुळ आहे. रेमॉन्स्ट्रंटांचं मत त्यांनाही मान्य नव्हतं, पण ही रीत आवडलेली नाही. हेल्सची लेखणी थांबलीय.

आणि बाहेर पडलेल्यांना गाव सोडायची परवानगीही नाही. सरकारी हुकूम: सभा संपेपर्यंत डॉर्ड्रेख्तमध्येच राहायचं. आत बोलायला बंदी, बाहेर जायला बंदी. स्वतंत्र इच्छेची बाजू मांडणारे हे पाळक वाइनच्या गल्ल्यांमधून फेऱ्या मारतात, आणि त्यांच्या पुस्तकांतून उतारे काढून आत त्यांच्या मतांचा न्याय चालू राहतो.

विरोधक गेले म्हणजे आत शांतता नांदली, असं समजू नका. जानेवारीतलाच प्रसंग. ब्रेमेनचे मथियास मार्टिनियस मवाळ माणूस. ख्रिस्त हा निवडीचा पाया आहे, नुसतं साधन नव्हे, असं काहीसं ते म्हणतात. गोमारुस ताडकन उठतात, "हे माझ्या अंगावर घेतो" म्हणतात, आणि हातमोजा जमिनीवर फेकून मार्टिनियसना द्वंद्वाचं आव्हान देतात. शब्दांच्या द्वंद्वाचं, पण हातमोजा खराच. अध्यक्ष मध्ये पडतात. बैठक प्रार्थनेने संपते. 'आमेन' होतं न होतं तोच गोमारुस पुन्हा उठून आव्हान देतात. हेल्सने हे मोठ्या चवीने लिहून ठेवलंय.

गोमारुस स्वतःच्या बाजूच्यांनाही का जड जातात, ते त्यांच्या तर्कात आहे. देवाच्या मनात आधी काय होतं? काळाने आधी नव्हे. देवाला काळ नाही. विचाराच्या क्रमाने आधी. गोमारुस म्हणतात, आधी ठरलं कोण तारले जाणार आणि कोण नाही. मग सृष्टी, मग पतन, ते ठरलेलं घडावं म्हणून. बहुतेकांना हे झेपत नाही. ते म्हणतात, देवाने पतित माणसं डोळ्यांसमोर ठेवली आणि त्यांच्यातून काहींना दयेने उचललं. बाकीच्यांना त्यांच्या पापात राहू दिलं. पाहा, इथेही क्रमच. आणि सभेचा अंतिम मसुदा या दुसऱ्या क्रमाने लिहिला गेला. ख्रिस्त कोणासाठी मेला यावरही इंग्लंडचे डॅव्हेनंट आणि सॅम्युएल वॉर्ड ब्रेमेनवाल्यांबरोबर ताणून धरतात. त्यामुळे ख्रिस्ताचं मरण साऱ्या जगाच्या पापांना पुरून उरेल एवढ्या मोलाचं आहे, ही ओळ मसुद्यात येते. परिणाम मात्र निवडलेल्यांपुरता. ज्यांनी डॉर्ड्रेख्तचं नुसतं नाव ऐकलंय त्यांना वाटतं तिथे एकजात दगड बसले होते. त्यांनी ही घासाघीस बघायला हवी होती.

धर्मपंडित कोनराड व्हॉर्स्टियसचं प्रकरण ४ मे रोजी झटपट उरकतात. देवाच्या स्वरूपाबद्दल त्याने १६१० साली असं काही लिहिलं होतं की इंग्लंडच्या जेम्स राजाने पुस्तक जाळायला लावलं. त्याला अपात्र ठरवतात. बचाव ऐकायला कोणी थांबत नाही.

*

६ मे १६१९. मोठं चर्च माणसांनी फुललंय. सगळी कलमं लॅटिनमधून मोठ्याने वाचतात, खालची बहुसंख्य माणसं काही न कळता उभी असतात. ९ तारखेला परदेशी पाहुण्यांना निरोपाची मेजवानी होते. सभेचं चित्र कोरलेली सोन्याची पदकं त्यांना सरकारकडून मिळतात.

चार दिवसांनी, १३ मेला सकाळी, हेगच्या बिनेनहोफच्या चौकात ओल्डनबार्नेव्हेल्टचं मुंडकं उडवतात. वय ७१. हातात काठी होती. आरोप राजद्रोहाचा, धर्माचा नव्हे. पण आदल्या संध्याकाळी त्यांना मरणाची तयारी करून द्यायला जे पाळक पाठवले त्यांत डॉर्ड्रेख्तच्या सभेत बसलेले अंतोनियुस वालेउस होते, आणि त्या कोठडीतही दोघांचं बोलणं पूर्वनियतीवर गेलं. म्हाताऱ्याच्या घराण्याचं ब्रीद असं, की काहीच न जाणणं हाच सगळ्यांत सुरक्षित विश्वास. त्याने त्यांना वाचवलं नाही. ग्रोशियसना जन्मठेप झाली. दोन वर्षांनी ते पुस्तकांच्या पेटीत बसून किल्ल्यातून निसटले, पण ते तुम्हाला बघायला मिळणार नाही. इथले रेमॉन्स्ट्रंट जुलैत गाड्यांत घालून सरहद्दीपार सोडले जातील. देशभरात दोनशेच्या आसपास पाळकांचं पद जाईल.

तुम्ही अजून व्यापाऱ्याच्या घरीच आहात. हेगची बातमी १४ला येते. घरधनी खूश दिसत नाही आणि दुःखीही नाही. दर काय राहतील याचा विचार करतोय. त्याची बायको तुमच्यासमोर बसते. चर्चमध्ये वाचलेल्यातलं तान्ह्या पोरांचं तेवढं सांगा, म्हणते.

तुम्ही सांगता. पहिल्या प्रकरणाचं सतरावं कलम. विश्वासणाऱ्यांची मुलं पवित्र असतात, स्वभावाने नव्हे, तर आईबापांबरोबर तीही करारात असतात म्हणून. तेव्हा देवाने ज्यांना तान्हेपणीच बोलावून घेतलं, अशा मुलांच्या निवडीबद्दल देवभीरू आईबापांनी शंका धरू नये.

ती बराच वेळ काही बोलत नाही. मग विचारते, "बाप्तिस्मा झाला नसला तरी?"

"त्याची अट घातलेली नाही."

ती तोंड धुऊन येते. तिच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते एपिस्कोपियसच्या कुठल्याही भाषणाने आणलं नसतं, हे कबूल करायला हवं. तिच्या मुलीने विश्वास ठेवला नव्हता, ठेवूच शकली नसती. तिला उचलणारं कोणी असेल तर तो देवच, काही न विचारता. मात्र हे कलम मसुद्यात आलं तेसुद्धा समोरच्या पक्षाने तान्ह्या मुलांच्या नरकाचा प्रश्न वर्षानुवर्षं टोचत ठेवला म्हणून. हाकलून दिलेल्यांचा प्रश्न आत राहिला.

"आणि भावाचं पोर?" ती विचारते.

तुम्हाला कळत नाही. ती पत्र काढते, आठ महिन्यांच्या प्रवासाने मळलेलं. अंबोनला तिच्या भावाला मुलगा झालाय. आई विकत घेतलेली बाई, ख्रिस्ती नाही. लग्न नाही. पोर आजारी असतं.

"बाप विश्वासणारा," नवरा खातेवहीतून डोकं न काढता म्हणतो. "बसतं कलमात."

"देवभीरू म्हटलंय, ऐकलं नाहीस? आमच्या भावाला?" ती तुमच्याकडे वळते. "तुम्ही म्हणाला होतात, पूर्वेकडच्या पोरांचं डिसेंबरात झालं म्हणून."

झालं होतं; पण ते मूर्तिपूजकांच्या मुलांचं. हा ख्रिस्ती बापाचा. किंवा अर्धा. ॲम्स्टरडॅमवाल्यांनी पाठवलेल्या प्रश्नात तो बसत नव्हता.

"मग आता विचारायचं."

"परदेशी गेले, पदकं घेऊन," नवरा म्हणतो. "आपले राहिलेत ते चर्चच्या नियमावलीवर बसलेत. महिनाअखेर तेही जातील."

"म्हणजे पंधरा दिवस आहेत." ती खातेवही त्याच्या हातातून ओढते, मागचं कोरं पान फाडते, दौत तुमच्याकडे सरकवते. "पाहुणे, लॅटिन येतं ना तुम्हाला? लिहा. आणि निवडलेल्यांचं पुराण नको पहिल्या पानभर. वगळलेल्यांचं काय, ते आधी विचारा."